लोक काय म्हणतील?



"लोक काय म्हणतील?" हे तीन शब्द आपल्या घराघरांत रोज ऐकू येतात. मुलीचे लग्न साधेपणाने करू म्हटले, की घरातले कोणीतरी विचारते, लोक काय म्हणतील? सुनेने पुढे शिकायचे म्हटले, की तेच. नवरा वारलेल्या बहिणीला हळदीकुंकवाला बोलवावे असे मनात आले, तरी तेच. शब्द तीनच. पण त्यांनी किती चांगली कामे जागच्या जागी अडवली, त्याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

आता जरा विचार करा. हे 'लोक' म्हणजे कोण? शेजारचा, पलीकडच्या आळीतला, भाऊबंद, सोयरे. आणि शेजाऱ्याच्या घरात जेव्हा 'लोक' असे म्हणतात, तेव्हा ते कोणाला म्हणतात? तुम्हाआम्हालाच! म्हणजे आम्ही त्यांना भितो, ते आम्हाला भितात.

भीती येते कुठून?

ही भीती अगदीच खोटी नाही बरं का. माणूस एकटा जगत नाही. पेरणीला सावड लागते. अडीनडीला उसनवारी लागते. मुलांच्या सोयरिकी जमवायला चार माणसे लागतात. शेवटी मयतालासुद्धा चार खांदे लागतात. म्हणून गावाला सोडून चालायचे म्हटले, की पोटात गोळा येतो. यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

गावाच्या धाकाने चांगलेही घडते. चारचौघांच्या लाजेने कोणी चोरी टाळतो, कोणी म्हाताऱ्या आईबापांना नीट सांभाळतो. तेव्हा लोकांचा धाक नेहमीच वाईट, असे आम्ही म्हणत नाही. पण जे आपल्याला मनापासून पटले, ज्यात कोणाचे नुकसान नाही, उलट भलेच आहे, तेही जर या धाकाने करता येत नसेल, तर तिथे थांबून विचार केला पाहिजे.

नगरची शाळा आणि जोतिबा फुले

एक जुनी गोष्ट सांगतो. ती आपल्या केडगावापासून फार लांबची नाही. केडगावाहून नगर म्हणजे पायी तासाभराची वाट. त्या नगरात सिंथिया फरार नावाच्या अमेरिकेहून आलेल्या बाई मुलींच्या शाळा चालवीत असत. त्या शाळा पाहायला पुण्याहून जोतिबा फुले आले. मुली शिकताना पाहून त्यांच्या मनाने घेतले, की आपणही हे करायचे. १८४८ साली त्यांनी पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू केली. सावित्रीबाई तिथे शिकवू लागल्या.

पुढे काय झाले, ते तुम्ही ऐकले असेल. सावित्रीबाई शाळेत जाऊ लागल्या, की लोक त्यांच्या अंगावर शेण टाकत, चिखल टाकत. त्या बरोबर दुसरे लुगडे नेत आणि शाळेत गेल्यावर बदलत, असे सांगतात. लोकांनी जोतिबांचे वडील गोविंदराव यांच्यावर दाब आणला. शेवटी १८४९ साली त्यांनी मुलाला आणि सुनेला घराबाहेर काढले.

गोविंदराव वाईट होते का? नाही. त्यांचे मुलावर प्रेम होते. पण ते लोकांना भ्याले. यापूर्वीही असेच झाले होते. जोतिबा लहान असताना लोकांच्या सांगण्यावरून त्यांनी मुलाला शाळेतून काढून शेतीच्या कामाला लावले होते. तेव्हा गफार बेग मुन्शी आणि लिजिटसाहेब या दोन शहाण्या शेजाऱ्यांनी त्यांची समजूत घातली. "मुलगा हुशार आहे, त्याला शिकवा," असे सांगितले. मग गोविंदरावांनी जोतिबांना पुन्हा शाळेत घातले.

आता पाहा. माणूस तोच. कान भरणारे भेटले, तेव्हा त्याने मुलाची शाळा बंद केली. धीर देणारे दोघे भेटले, तेव्हा शाळा पुन्हा सुरू केली. हे 'दोघे' नीट ध्यानात ठेवा. पुढे कामाला येतील.

मोठ्यांनाही चुकले नाही

कोणी म्हणेल, अडाणी माणूस लोकांना भितो, शिकलेला भीत नाही. तसे नाही. महादेव गोविंद रानडे हे केवढे विद्वान! सरकारी न्यायाधीश होते. विधवांना पुन्हा लग्न करता यावे, म्हणून ते झटत होते. तसा कायदा १८५६ सालीच झाला होता. १८७३ साली रानड्यांची पहिली बायको वारली. सोबती म्हणू लागले, आता यांनी विधवेशीच लग्न करावे. पण वडिलांना ते मान्य नव्हते. त्यांनी घाईने दुसरी मुलगी ठरवली. रानडे एकतीस वर्षांचे, मुलगी अकरा वर्षांची. वडिलांपुढे रानड्यांचे काही चालले नाही. लग्न झाले. लोकांनी त्यांना पुष्कळ नावे ठेवली.

त्या मुलीचे नाव रमाबाई. रानड्यांनी तिला घरीच शिकवले. तेही घरातल्या बायकांना आवडत नव्हते. पण या वेळी रानडे मागे हटले नाहीत. पुढे याच रमाबाईंनी पुण्यात सेवासदन काढले आणि कितीतरी बायकांना आपल्या पायांवर उभे केले. तेव्हा एकदा मान तुकवली, म्हणजे जन्मभर तुकवलीच पाहिजे, असे नाही.

तीन रेघांची गंमत

अमेरिकेत सॉलोमन ॲश नावाचे एक प्राध्यापक होते. १९५१ च्या सुमारास त्यांनी एक प्रयोग केला. एका कागदावर एक रेघ काढली. दुसऱ्या कागदावर तीन रेघा काढल्या, लहानमोठ्या. विचारायचे एवढेच, की यातली कोणती रेघ पहिलीएवढी आहे? लहान पोरही सांगेल, इतके सोपे.

पण त्यात एक मेख होती. खोलीत सातआठ जण बसवले होते. त्यातला एकच खरा उमेदवार. बाकीच्यांना आधी पढवून ठेवले होते, की सर्वांनी मिळून चुकीचे उत्तर द्या. त्यांनी तसे दिले. आता त्या एकट्याची पाळी आली. डोळ्यांना एक दिसते आणि सगळे दुसरेच सांगतात! असे पुष्कळ माणसांवर करून पाहिले. अशा वेळी सुमारे तीनांत एक उत्तर चुकीचे आले. दर चार माणसांतल्या तिघांनी एकदा तरी सगळ्यांच्या मागे जाऊन चुकीचे उत्तर दिले.

मग प्राध्यापकांनी एक बदल केला. पढवलेल्यांपैकी एकाला खरे बोलायला सांगितले. बस्स, एकालाच! लगेच चुकीची उत्तरे एकदम कमी झाली. सगळे बाजूला नकोत. एक सोबती मिळाला, तरी माणसाला धीर येतो. गोविंदरावांचे दोन शेजारी आठवले ना?

मनात एक, ओठांवर एक

समजा, गावात दहा घरे आहेत. कर्ज काढून लग्नात जेवणावळी घालू नयेत, असे दहाही घरांना मनातून वाटते. पण प्रत्येकाला वाटते, 'हे फक्त मलाच वाटते. बाकीच्यांना थाट हवा आहे.' म्हणून प्रत्येक जण गप्प बसतो, कर्ज काढतो आणि मांडव घालतो. तो मांडव पाहून शेजारी म्हणतो, 'बघा, यांना थाट हवाच आहे!' मग तोही सावकाराचे दार गाठतो. दहाही घरे बुडतात. ज्याच्यासाठी बुडतात, ते कोणालाच नको असते. न बोलण्याची किंमत ती ही.

हेरवाडने काय केले?

कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचे गाव आहे. नवरा वारला, की बाईच्या बांगड्या फोडायच्या, कुंकू पुसायचे, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची, ही चाल तिथेही होती. करोनाच्या साथीत अनेक तरण्या बायका विधवा झाल्या. त्यांचे हाल लोकांनी पाहिले. ४ मे २०२२ रोजी हेरवाडच्या ग्रामसभेने ठराव केला, की ही चाल आमच्या गावात बंद. त्याच महिन्यात सरकारने परिपत्रक काढून इतर गावांनाही हा कित्ता गिरवायला सांगितले.

एकट्या सासूने सुनेचे कुंकू राखले असते, तर लोक तिला बोलले असते. पण सगळ्या गावाने मिळून ठरवले, तर बोलायला उरले कोण? गाव करी ते राव न करी, म्हणतात ते असे. ठराव म्हणजे काही जादूची कांडी नव्हे. जुनी चाल एका दिवसात जात नाही. पण जिला कुंकू लावायचे आहे, तिच्या पाठीशी आता गावाचा शब्द आहे.

आपले केडगाव आता नगरच्या महापालिकेत आहे. इथे ग्रामसभा भरत नाही. पण बायकांचे बचत गट भरतात, भजने होतात, गल्लीत चार माणसे बसतात. तिथे बोलायला कोणाची बंदी आहे? नवरात्रात केडगावच्या रेणुकामातेला बायकांची गर्दी होते. देवी तर आई. तिला लेकीच्या कपाळाचा हिशेब कशाला हवा?

कायदा काय म्हणतो?

नावे ठेवणे वेगळे आणि वाळीत टाकणे वेगळे. वाळीत टाकणे हा आता गुन्हा आहे. महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला. तो २०१७ पासून लागू आहे. जातपंचायतीने किंवा इतर कोणी एखाद्या घराशी बोलणे, येणेजाणे, लग्नकार्य बंद पाडले, तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही होऊ शकते. पोलिसांत तक्रार करता येते.

मग आपण काय करावे?

पहिले, आपल्या मनाला नीट विचारावे. आपल्याला पटले म्हणजे ते बरोबरच असते, असेही नाही. जाणत्याला विचारावे, वाचावे, पारखून घ्यावे. ऐकावे जनाचे, करावे मनाचे. पण ऐकावे मात्र खरे.

दुसरे, एक सोबती शोधावा. 'मला असे वाटते, तुला काय वाटते?' एवढे विचारावे. बहुतेक वेळा तो म्हणेल, 'अरे, मलाही तेच वाटत होते!'

तिसरे, दुसऱ्या कोणी असे पाऊल उचलले, तर आपण त्याला हसू नये. त्याच्या साध्या लग्नाला आवर्जून जावे. शिकणाऱ्या सुनेला, 'कुठवर आला अभ्यास?' असे प्रेमाने विचारावे. हळदीकुंकवाला सर्व बायकांना बोलवावे.

कारण लोक काय म्हणतील, हे शेवटी कोणाच्या हातात आहे? आपणच तर लोक आहोत. आपण चांगले म्हणू लागलो, की लोक चांगले म्हणू लागले.