हसत येणारी फिट : गैरसमज आणि वस्तुस्थिती

हायपोथॅलॅमिक हॅमार्टोमा ही मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसला चिकटलेली जन्मजात गाठ. सुमारे दोन लाख मुलांमागे एकात ती आढळते, असा अंदाज आहे. तिच्यामुळे होणारा अपस्मार ओळखणे अवघड, कारण यात लेकरू हसते. शिरूर अनंतपाळ काय किंवा लातूर शहर काय, फिट म्हटले की दातखिळी आणि तोंडाला फेस एवढेच डोळ्यांपुढे येते. हसणाऱ्या लेकराला दवाखान्यात कोण नेणार?

‘पोर खोडकर आहे’ आणि ‘बाहेरचं काहीतरी लागलंय’ हे दोन्ही समज चुकीचे. या झटक्यातल्या हसण्याला कारण नसते. चेहरा लाल होतो, नजरेत आनंद नसतो, हाक मारली तरी हसू थांबत नाही आणि बहुधा अर्ध्या मिनिटात सारे ओसरते. बऱ्याचदा तान्हेपणीच सुरू झालेले हे झटके दिवसातून अनेकदा येऊ शकतात. वय वाढते तसे फिटचे इतर प्रकारही दिसू लागतात, अभ्यास मागे पडतो, चिडखोरपणा वाढतो. काही मुले फार लवकर, अगदी शाळेत जाण्याआधीच, वयात येऊ लागतात. कांदा किंवा चप्पल हुंगवल्याने काही होत नाही. झटका आपला आपण थांबतो, श्रेय मात्र कांद्याला जाते.

‘ईईजी नॉर्मल आला, म्हणजे काही नाही’ या समजात वर्षे निघून जातात. झटका खोल गाठीतच सुरू होतो. डोक्याला बाहेरून लावलेल्या तारांना तो कळेलच असे नाही. छोटी गाठ सीटी स्कॅनमध्येही सुटते. एमआरआय करावा लागतो. झटका चालू असताना मोबाइलवर काढलेला व्हिडिओ डॉक्टरांना फार उपयोगी पडतो. त्यात चेहरा आणि दोन्ही हात दिसावेत, हाक मारलेली ऐकू यावी.

गाठ म्हणजे कर्करोग नव्हे. हॅमार्टोमातल्या पेशी मेंदूच्याच असतात, फक्त भलत्या जागी जमलेल्या. त्या शरीरात पसरत नाहीत. पण ‘साधी गाठ आहे, राहू द्या’ ही त्याहून महागात पडणारी चूक, कारण नुकसान गाठीच्या वाढीने नव्हे, फिटमुळे होते. उलट, प्रत्येक गाठीला ऑपरेशन लागते हेही खरे नाही. भारतात फिट येणाऱ्या मुलांच्या स्कॅनमध्ये दिसणारी गाठ अनेकदा न्यूरोसिस्टिसर्कोसिसची (मेंदूत शिरलेल्या फीतकृमीच्या अळीची) किंवा क्षयाची असते आणि ती बहुतेकदा औषधांनी बरी होते.

‘आधी सगळी औषधे करून पाहू, ऑपरेशन शेवटी’ हा गैरसमज सर्वांत चिवट. योग्य निवडलेली, पुरेशा मात्रेत घेतलेली दोन औषधे निष्फळ ठरली, की अपस्मार औषधांना दाद न देणारा मानावा, अशी आंतरराष्ट्रीय अपस्मारविरोधी संघटनेची २०१० ची व्याख्या आहे. हॅमार्टोमात ही वेळ बहुधा येतेच. त्यानंतर तिसऱ्या-चौथ्या गोळीची वाट पाहत बसण्यापेक्षा शस्त्रक्रियेचा विचार लवकर व्हावा.

गाठ पूर्ण काढावीच लागते असे नाही. मेंदूशी असलेला तिचा संबंध तोडला तरी झटके थांबू शकतात. हे दुर्बिणीतून करता येते. काही मिलिमीटरच्या छिद्रातून बारीक तार आत नेऊन लेसरने किंवा रेडिओलहरींच्या उष्णतेने गाठ जाळताही येते. लेसर वापरताना तापमान एमआरआयवर पाहत राहतात. मात्र शेजारीच स्मरणशक्तीचे तंतू आणि संप्रेरकांचे केंद्र असल्याने विसराळूपणा, अतिभूक, वजनवाढ, सोडियमचा बिघाड असे धोके राहतात. काहींना दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया लागते. ऑपरेशन झाले म्हणून गोळ्या लगेच बंद होत नाहीत. त्या डॉक्टरांच्या सल्ल्याने, हळूहळूच कमी करायच्या.

यासाठी परदेशी जावे लागत नाही. तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेत १९९५ पासून अपस्माराच्या शस्त्रक्रिया होत आहेत. मुंबईत केईएम रुग्णालयातही होतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीत फिटचा आजार समाविष्ट आहे. त्यामुळे अंगणवाडीत किंवा शाळेत पथक आले की त्याला हसण्याचे झटके सांगावेत; तिथून लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि पुढे मोठ्या केंद्रात जाता येते. खर्च महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतो का, हे भरती होण्याआधीच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारून घ्यावे.