निळा प्रकाश अडवणारा चष्मा

सोलापूरच्या कडक उन्हात मुले तासन्‌तास खेळतात, तेव्हा निळ्या प्रकाशाची आठवण कोणाला होत नाही. तीच मुले मोबाइल घेऊन बसली, की पालक विचारतात, "गुरुजी, 'ब्ल्यू कट' चष्मा घ्यावा का?" उत्तर देण्यापूर्वी एक साधा प्रयोग करू या.

असा लेप दिलेला चष्मा ट्यूबलाइटखाली तिरपा धरा. काचेवर निळसर-जांभळे प्रतिबिंब दिसेल. आता त्यातून पांढरा कागद पाहा. तो किंचित पिवळसर दिसेल. असे का? काचेवर पारदर्शक पदार्थांचे अतिशय पातळ थर असतात. त्यांच्या पृष्ठभागांवरून परावर्तित झालेल्या निळ्या लहरी एकमेकींना बळ देतात आणि मागे फिरतात. साबणाच्या फुग्यावर रंग दिसतात, ते याच व्यतिकरणामुळे. पांढऱ्यातून थोडा निळा वजा झाला, की उरलेला प्रकाश पिवळसर भासतो.

पण या चष्म्याची गरज आहे का? पडद्याच्या निळ्या प्रकाशापेक्षा मोकळ्या आकाशाचा निळा प्रकाश कितीतरी पटींनी अधिक असतो. कॉक्रेन संस्थेने २०२३ मध्ये १७ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला. अशा चष्म्यांमुळे डोळ्यांचा थकवा कमी होतो, असे त्यात आढळले नाही. पडद्याकडे पाहताना आपण पापण्या कमी लववतो आणि नजर सतत जवळ रोखलेली असते. थकवा येतो तो मुख्यतः यामुळे. अधूनमधून दूर पाहणे, हा त्यावरचा बिनखर्ची उपाय.

निळ्या प्रकाशाचा खरा धोका सूर्याकडे थेट पाहण्यात आहे. डोळ्यातील भिंग सूर्याची प्रतिमा दृष्टिपटलावर एकवटते. तेथे मुख्यतः निळ्या प्रकाशामुळे रासायनिक क्रिया होऊन पेशींना इजा होते. दृष्टिपटलाला वेदना जाणवत नाहीत, म्हणून इजा होताना कळतही नाही. २६ डिसेंबर २०१९ चे सूर्यग्रहण सोलापुरात खंडग्रास होते. २ ऑगस्ट २०२७ च्या ग्रहणाची खंडग्रास अवस्था पश्चिम भारतातून दिसणार आहे. त्या वेळी एखादा विद्यार्थी 'ब्ल्यू कट' चष्मा लावून निर्धास्तपणे वर पाहील! त्याला आधीच सांगा: ग्रहणाचा प्रमाणित चष्मा दृश्य प्रकाशाचा जेमतेम तीस हजारांवा भाग आत सोडतो, तर हा चष्मा बहुतेक सगळाच सोडतो.