रेक्सिंगेन : डोंगरातलं एक यहुदी गाव



कोकणातल्या आपल्या गावांबद्दल आम्ही या पानांवर नेहमी लिहितो. या वेळी जर्मनीतल्या एका डोंगराळ खेड्याची हकीकत देत आहोत. मुलांनो, तुम्हीही वाचा, कारण या गोष्टीचा शेवट आपल्या इस्राएलमध्येच आहे.

गावाचं नाव रेक्सिंगेन. दक्षिण जर्मनीत, ब्लॅक फॉरेस्टच्या कडेला, नेकार नदीवरच्या होर्ब शहराजवळ ते आहे. सतराव्या शतकापासून तिथे यहुदी राहत होते. एके काळी गावातली जवळजवळ तिसरा हिस्सा वस्ती त्यांचीच होती. बहुतेकांचा धंदा गुरांच्या खरेदी-विक्रीचा. आपले शनिवार तेली शब्बाथला घाणा बंद ठेवत, तसाच त्यांचाही व्यवहार त्या दिवशी बंद असे. १८३७ साली त्यांनी मोठं सिनेगॉग बांधलं.

१९३३ साली हिटलर सत्तेवर आला आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या गावात राहणं कठीण झालं. तेव्हा काही कुटुंबांनी ठरवलं, की निघायचं तर एकेकट्याने नाही, सगळे मिळून. १३ एप्रिल १९३८ रोजी अक्को आणि नहारिया यांच्यामध्ये समुद्रकाठी त्यांनी नवी वस्ती उभारली. तिचं नाव शावे त्सियोन, म्हणजे सियोनला परतणारे. काल गुरं विकणारे आज शेतकरी झाले.

त्याच वर्षी नोव्हेंबरात रेक्सिंगेनच्या सिनेगॉगला आग लावली गेली. त्यातून वाचलेला एक सेफेर तोरा पुढे शावे त्सियोनला आला. मागे राहिलेल्यांना १९४१-४२ साली रीगा, इझबिका आणि थेरेझियनश्टाट इथे नेलं. त्यातले अगदी थोडे जिवंत परतले.

सिनेगॉगची इमारत अजून उभी आहे. १९५२ पासून तिथे प्रोटेस्टंट चर्च भरतं. गावाबाहेर झाडीत जुनं बेथ हाइम आहे, दगडांवर हिब्रू अक्षरं आहेत. आज तिथलेच काही बिगरयहुदी गावकरी हा इतिहास सांभाळतात.

आपल्याला कोकणातून कोणी हाकललं नाही, हे शेजाऱ्यांचे उपकार आपण विसरू नये. पण माणसं गेली की गावाच्या आठवणीही पुसत जातात. पेणकर, रोहेकर, नवगावकर ही नुसती आडनावं नाहीत, ते आपले पत्तेच आहेत. म्हणून मुलांनो, येत्या शब्बाथला आजी-आजोबांना विचारा, "आपलं गाव कुठलं? तिथे घर कसं होतं?" आणि आजी-आजोबा, तुम्हीही हातचं राखून सांगू नका हं!