संगणकाचा पडदा निवडताना

सरकारी खरेदीत दोन लिफाफ्यांची एक पद्धत आहे. पहिल्या लिफाफ्यात वस्तूच्या गुणांचे वर्णन असते, दुसऱ्यात किंमत. पहिला पाहून वस्तू पसंतीस उतरली, तरच दुसरा फोडायचा. घरच्या खरेदीत मात्र आपण बहुधा दुसराच लिफाफा आधी फोडतो. संगणकाच्या पडद्याचे, म्हणजे मॉनिटरचे, उदाहरण घ्या. सात-आठ हजार रुपयांना तो मिळतो आणि लाखाच्या वरही मिळतो. दुकानात दोन्ही शेजारीशेजारी मांडलेले असतात, दोहोंवर झगझगीत चित्रे चालू असतात, आणि गिऱ्हाईक किंमतीची चिठ्ठी पाहून एक तर दचकते किंवा भुलते. आज आपण पहिला लिफाफा उघडून पाहू; तोही मुख्यतः मराठी वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या माणसाच्या दृष्टीने.

पडद्यावरचे प्रत्येक अक्षर बारीक ठिपक्यांचे बनलेले असते. ह्या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात. साध्या मॉनिटरवर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. उंची मॉनिटरवर बहुधा ३८४० आणि २१६०, म्हणजे एकूण चौपट. आता माप पाहा. २४ इंची साध्या पडद्यावर एक ठिपका सुमारे ०.२७ मिलिमीटर रुंद असतो. तितकेच ठिपके २७ इंची पडद्यावर पसरले की तो ०.३१ होतो. चौपट ठिपक्यांच्या २७ इंची पडद्यावर तो ०.१६ वर येतो. निरोगी डोळा अंशाच्या साठाव्या भागाइतक्या कोनापर्यंत दोन बिंदू वेगळे ओळखू शकतो, आणि दोन फुटांवर हे अंतर सुमारे ०.१८ मिलिमीटर भरते. म्हणजे साध्या पडद्यावर ठिपके डोळ्याला जाणवतात. उंची पडद्यावर ते विरून जातात आणि अक्षर छापल्यासारखे दिसते.

हा भेद देवनागरीला अधिक जाचतो. आपली लिपी तीन मजली आहे. शिरोरेघेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार. खाली उकार आणि ऋकार. मधल्या मजल्यावर जोडाक्षरांची दाटी. इतके सगळे रोमन अक्षराएवढ्याच उंचीत बसवायचे, तर अनुस्वाराच्या वाट्याला कसेबसे एक-दोन ठिपके येतात. ऱ्हस्व आणि दीर्घ उकार एकमेकांत मिसळतात, ‘घ’ आणि ‘ध’ जुळी भावंडे होतात. कादंबरी वाचताना ह्याने फारसे बिघडत नाही, कारण संदर्भाने शब्द कळतो. परंतु नावाला संदर्भ नसतो. जमिनीच्या उताऱ्यावर ‘धुमाळ’चे ‘घुमाळ’ झाले, की ते सरळ करून घेण्यासाठी खातेदाराला तालुक्याच्या कचेरीत खेटे घालावे लागतात, कर्जाचा अर्ज अडतो, वारसाची नोंद अडते.

आणि कचेऱ्यांतून चित्र बहुधा असे दिसते की, साहेबांच्या टेबलावर मोठा देखणा पडदा असतो आणि आठ तास नोंदी करणाऱ्या लिपिकापुढे सर्वांत कमी दराचा. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांतील २१ वा नियम सांगतो की, सामान्य समंजस मनुष्य स्वतःचा पैसा खर्चताना जी दक्षता बाळगतो, तीच सरकारी पैशाच्या बाबतीत बाळगावी. समंजस मनुष्य उत्तम चष्मा घरात जो सर्वाधिक वाचतो त्यालाच घेऊन देईल. वर्षभर मराठी मजकूर टंकणाऱ्या माणसाच्या बाबतीत बारीक ठिपक्यांचा पडदा ही मी चैन मानीत नाही.

आता महागपणाची बाकीची कारणे. सेकंदाला ६० ऐवजी १४४ वेळा चित्र बदलणे हे वेगवान खेळ खेळणाऱ्या मुलांसाठी आहे. टिपण वाचताना त्याचा उपयोग नाही. कोटीच्या घरातील उजेड-अंधाराचे प्रमाण वेष्टनावर छापलेले असले, तर ते जाहिरातीपुरते समजावे. वाचनाच्या चांगल्या पडद्याचे खरे प्रमाण सहसा हजारास एक असे असते. वक्र पडद्याविषयी काही न बोललेलेच बरे. २०१९ साली अॅपल कंपनीने ४,९९९ डॉलरांचा एक मॉनिटर जाहीर केला आणि त्याच्या पायाची किंमत वेगळी, ९९९ डॉलर, लावली. आपल्याकडे स्वस्त मॉनिटरचा पाय आखूड असला, तर खाली जाडजूड शब्दकोश ठेवून भागते. पाठीमागे १०० मिलिमीटर अंतरावरची चार भोके मात्र आहेत का, ते पाहावे. म्हणजे पुढेमागे भिंतीवर किंवा आधारदांड्यावर तो बसवता येतो.

पडद्याची जात मात्र स्वस्तातही पारखून घ्यावी. ‘टीएन’ जातीचा पडदा बाजूने किंवा खालून पाहिला की रंग फिके पडतात वा उलटतात. ‘आयपीएस’ जातीत हा दोष फारसा नाही, आणि ती आता साध्या किमतीतही मिळते. छपाई वा छायाचित्रण हा ज्यांचा व्यवसाय आहे, त्यांनी रंगांची व्याप्तीही विचारून घ्यावी. ‘ओलेड’ पडद्यांतला काळा रंग खरोखरच काळा असतो. पण तोच तक्ता दिवसभर समोर राहिला, तर कालांतराने त्याचा ठसा पडद्यावर उमटून राहण्याचा धोका असतो.

डोळ्यांविषयी एक गोष्ट. निळ्या प्रकाशापासून रक्षण करतो म्हणून जास्त पैसे मागितले जातात. पडद्याच्या निळ्या प्रकाशाने डोळ्याला इजा होते असा पुरावा नाही, असे अमेरिकन अॅकॅडमी ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजी ह्या नेत्रवैद्यांच्या संस्थेचे मत आहे. डोळे शिणतात ते मुख्यतः टक लावून पाहताना पापण्या कमी मिटतात म्हणून. काही पडद्यांत उजेड कमी करताना मागचा दिवा अतिजलद लुकलुकत ठेवतात. काहींना त्याने डोके दुखते. तेव्हा ‘लुकलुकविरहित’ हा गुण मागून घ्यावा.

जुन्या संगणकाला उंची पडदा जोडण्याआधी त्याची जोडणी तपासावी. एचडीएमआयच्या १.४ ह्या जुन्या जोडणीतून चौपट ठिपक्यांचे चित्र सेकंदाला ३० वेळाच बदलते आणि बाण रेंगाळत चालतो. अशा वेळी २४ इंची साधा ‘आयपीएस’ बरा. २७ इंची साधा कधीही नको, कारण तो मोठा असून अक्षर अधिक खडबडीत दाखवतो.

दुकानात गेलात, तर चालू असलेले चित्र बंद करायला सांगा. नेहमीच्या आकारात ‘उद्ध्वस्त’, ‘वाङ्मय’, ‘कर्तृत्व’, ‘द्वंद्व’ असे शब्द टंकून घ्या, दोन फुटांवर बसा, आणि रोजचा चष्मा लावून ते वाचा.