आजारी नव्हे, तंदुरुस्तही नव्हे

औद्योगिक कामगाराच्या आजारपणाचा विचार करताना आपल्याकडे बहुधा दोनच प्रश्न विचारले जातात. उपचाराचा खर्च कोणी सोसायचा, हा पहिला; आणि रजेच्या काळात घर कसे चालवायचे, हा दुसरा. दोन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत आणि काही अंशी का होईना, त्यांची उत्तरे देणारी व्यवस्था देशात उभी आहे. परंतु त्यांच्यामागून येणारा तिसरा प्रश्न सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. उपचारांनी सावरलेल्या, पण ज्याचा आजार यापुढे जन्मभर सोबत राहणार आहे अशा कामगाराने कारखान्याच्या फाटकातून पुन्हा आत कसे जायचे, हा तो प्रश्न होय.

पिंपरी-चिंचवडपासून भोसरी, मोशी, चाकणपर्यंत पसरलेल्या औद्योगिक पट्ट्यात या प्रश्नाला अनेक चेहरे आहेत. मधुमेहामुळे पायाची जखम चिघळलेला फिटर, हृदयविकाराच्या झटक्यानंतर घरी बसलेला यंत्रचालक, संधिवाताने बोटे आखडलेली जुळणी विभागातील स्त्री कामगार, मूत्रपिंडाच्या विकाराने खचलेला गोदामातील हमाल. रजा संपण्याचा दिवस जवळ येऊ लागला की यांपैकी अनेकांची झोप उडते. घरची माणसे म्हणतात, "आता बरे वाटते आहे ना, मग भीती कसली?" या भीतीला मनाचा दुबळेपणा समजण्याची चूक घरात होते, तशीच ती कारखान्यातही होते. वस्तुतः या भीतीचे मूळ मनात जेवढे आहे, त्याहून अधिक ते आपल्या कायद्यांच्या आणि कारखान्यांच्या रचनेत आहे.

पेनिसिलिनच्या गावात

पिंपरीच्या औद्योगिक जीवनाच्या आरंभीच एक औषधाचा कारखाना उभा राहिला, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना १९५४ साली झाली आणि १९५५ साली तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. पुढे १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, यंत्रांचे व वाहनांचे कारखाने आले, १९८२ साली महानगरपालिका झाली आणि या शतकात चाकणचा परिसर मोटारींच्या उत्पादनाचे मोठे केंद्र बनला. पेनिसिलिन हे ज्या काळाचे प्रतीक होते, त्या काळात आजाराची कल्पना सरळ होती. आजार यायचा, औषध मिळायचे, माणूस बरा व्हायचा आणि कामावर जायचा. कारखान्याचे रजेचे नियम, डॉक्टरचा दाखला, टाइम ऑफिसातील नोंद, हे सारे याच कल्पनेवर बेतलेले आहे.

आज आजारांचे स्वरूप पालटले आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आणि सुमारे साडेएकतीस कोटी लोकांना उच्च रक्तदाब आहे. हे आजार बरे होत नाहीत. ते आटोक्यात ठेवता येतात. ते ज्याला जडले तो माणूस पूर्वीच्या अर्थाने आजारी नसतो आणि पूर्वीच्या अर्थाने तंदुरुस्तही नसतो. दुर्दैवाने आपल्या व्यवस्थेच्या खातेवहीत मात्र अद्याप दोनच रकाने आहेत.

कायद्याचे दोन रकाने

औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना प्रा. बी. पी. आडारकर या अर्थशास्त्रज्ञाने १९४४ साली सरकारला सादर केली. तिच्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला आणि १९५२ च्या फेब्रुवारीत कानपूर व दिल्ली येथे योजना प्रत्यक्षात आली. मोहननगरचे कामगार विमा रुग्णालय हे या पट्ट्यातील तिचे दृश्य रूप. या योजनेत आजारी कामगाराला वर्षातून ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते. ३४ दीर्घकालीन आजारांसाठी ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत साहाय्य देण्याची सोय आहे. मात्र साधा मधुमेह त्या यादीत नाही. त्याने डोळ्यांवर, पायांवर किंवा मूत्रपिंडांवर घाला घातला म्हणजे त्याची गणना होते.

या योजनेचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. तथापि तिची घडण पाहण्यासारखी आहे. १९४८ च्या कायद्याच्या ७३ व्या कलमाने, कामगार आजारपणाचा लाभ घेत असेल त्या काळात मालकाने त्याला बडतर्फ करू नये वा शिक्षा करू नये, असा दंडक घातला. संरक्षण मिळाले ते गैरहजेरीला. कामगार बिछान्यावर आहे तोवर कायदा त्याच्या उशाशी उभा राहिला. तो उठून फाटकाकडे निघाला की कायद्याची सोबत संपली. त्याच कायद्याच्या ६३ व्या कलमानुसार ज्या दिवशी कामगार काम करील, त्या दिवसाचा आजारपणाचा लाभ त्याला मिळत नसे. म्हणजे, चार तास काम करून शक्ती अजमावू इच्छिणाऱ्याने त्या दिवसाच्या साहाय्यावर पाणी सोडावे! दुसरीकडे १९४७ च्या औद्योगिक कलह कायद्याने कामगारकपातीची व्याख्या करताना सततच्या अनारोग्यामुळे केलेली सेवासमाप्ती त्या व्याख्येतून वगळली होती. कपातीत सापडलेल्या कामगाराला असलेले संरक्षण आजारामुळे नोकरी गमावणाऱ्याला त्यामुळे लाभत नसे.

हे कायदे २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आलेल्या कामगार संहितांमध्ये विलीन झाले. परंतु पाऊणशे वर्षे ज्या कल्पनेने कारखान्यांचे व्यवहार घडविले, ती कल्पना एका राजपत्राने पुसली जात नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा २०१६ चा कायदा पुष्कळ पुढे गेलेला आहे. सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढता येणार नाही, त्याला झेपेल असे दुसरे काम त्याच वेतनावर द्यावे, असे तो सांगतो. पण हे बंधन शासकीय आस्थापनांवर आहे. चाकणच्या खाजगी कारखान्यातील कामगाराला त्याचा आधार नाही.

भीतीचे घटक

अशा स्थितीत कामावर परतणाऱ्याच्या मनात जी भीती दाटते, तिची फोड केली तर ती अगदी समंजस ठरते. पहिली भीती शरीराची. रात्रपाळीत जेवणाच्या आणि इन्शुलिनच्या वेळा कशा सांभाळायच्या? आठ तास उभे राहणे पायाला झेपेल काय? पुणे-नाशिक रस्त्यावरील कोंडीत कंपनीची बस तास तास अडकते. आजारी माणसाच्या दृष्टीने पाळी फाटकापाशी सुरू होत नाही, ती घराच्या दारापासूनच सुरू होते. दुसरी भीती सहकाऱ्यांच्या नजरेची. जुळणीच्या लाइनवर एकाचे हात मंदावले की त्याचा भार शेजाऱ्यावर पडतो आणि कालची सहानुभूती आठवडाभरात कुजबुजीत बदलते. तिसरी भीती पैशाची. ओव्हरटाइम आणि रात्रपाळीचा भत्ता धरून घराचा हप्ता बसविलेला असतो; हलके काम मागावे तर मिळकत घटते.

चौथी भीती मात्र सर्वांत अवघड आहे, आणि ती म्हणजे आजार सांगावा की लपवावा. जॉर्ज अकेरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखविले की, विकणाऱ्याला जे ठाऊक आहे ते घेणाऱ्याला कळण्याचा विश्वासार्ह मार्ग नसला तर सारा बाजारच बिघडतो. श्रमाच्या बाजारातही तेच घडते. आजार सांगितला तर मालक वाईटात वाईट तेच गृहीत धरील, या शंकेने कामगार तो लपवितो; कामगार लपवितात हे माहीत असल्याने मालक सर्वांकडेच संशयाने पाहतो. साखर एकदम उतरून प्रेसवर काम करणाऱ्याला भोवळ आली, तर या लपवाछपवीची किंमत बोटांनी मोजावी लागते.

कंत्राटी कामगाराची अवस्था याहून बिकट. त्याला परतण्याची भीती वाटण्याचीही सवड नसते, कारण परतण्यासाठी त्याची जागाच राखलेली नसते. दोन महिन्यांनी तो येतो तेव्हा त्याच्या जागी दुसरा उभा असतो. एक गोष्ट मात्र लक्षात घेण्याजोगी आहे. मालक बदलला, कंत्राटदार बदलला, तरी ई.एस.आय.चा विमा क्रमांक बदलत नाही. या पट्ट्यात कामगाराच्या मागोमाग सर्वत्र जाणाऱ्या ज्या थोड्या व्यवस्था आहेत, त्यांत ही एक आहे.

मधली पायरी

ज्या जर्मनीतील मोटार कंपन्यांनी चाकणला कारखाने उभारले, त्या देशाने या प्रश्नावर काढलेला तोडगा अभ्यासण्यासारखा आहे. तेथे दीर्घ आजारातून उठलेला कामगार डॉक्टरच्या सल्ल्याने प्रथम दोन-चार तास, मग क्रमाने अधिक तास काम करतो आणि या काळात विम्याकडून त्याला आजारपणाची रक्कम चालू राहते. शिवाय वर्षभरात सहा आठवड्यांहून अधिक आजारी असलेल्या कर्मचाऱ्याशी बोलून त्याच्या पुनरागमनाचा मार्ग शोधणे २००४ पासून मालकाचे कर्तव्य ठरलेले आहे. ब्रिटनमध्ये २०१० साली डॉक्टरच्या दाखल्याचे रूपच बदलले. 'कामास असमर्थ' याच्या जोडीला 'पुढील सोयी केल्यास काम करू शकेल' असा रकाना त्यात आला. क्रमाने वाढणारे तास, बदललेले काम, कामाच्या जागेतील फेरफार, अशा सूचना डॉक्टर त्यात करतो.

हा तिसरा रकाना आपल्याकडेही आणता येईल. त्यासाठी तीन गोष्टी पुरेत. कामगार विम्याच्या डॉक्टराने दाखल्यात आजाराचे नाव न लिहिता कामगाराला काय झेपेल आणि काय झेपणार नाही ते लिहावे. म्हणजे सांगावे की लपवावे हा पेच पुष्कळसा सुटेल. अर्धा दिवस काम करणाऱ्याला उरलेल्या अर्ध्या दिवसाचा लाभ विम्याने द्यावा. आणि कामगार संघटनांनी दर तीन-साडेतीन वर्षांनी होणाऱ्या वेतनकरारात पगारवाढीच्या आकड्याशेजारी पुनरागमनाचे एक कलम लिहून घ्यावे.

यावर आक्षेप येतील आणि ते पोकळ नाहीत. भोसरीत दहा-पंधरा माणसांवर चालणाऱ्या लहान कारखान्यात हलके काम आणायचे कोठून? सोयीचा गैरफायदा घेणारे निघणार नाहीत काय? गैरफायदा घेणारे थोडे निघतीलच. ते आजही पूर्ण रजेच्या रूपाने तो घेतातच. लहान मालकाचा प्रश्न खरा आहे, आणि म्हणूनच हा भार एकट्या मालकावर न टाकता विम्यावर टाकला पाहिजे. जुलै २०१९ मध्ये या योजनेची वर्गणी वेतनाच्या साडेसहा टक्क्यांवरून चार टक्क्यांवर आणण्यात आली. ज्या योजनेला वर्गणी इतकी कमी करणे परवडले, तिला अर्ध्या दिवसाचा लाभ परवडणार नाही, असे मानणे कठीण आहे. शिवाय वीस वर्षांचा अनुभवी हात फाटकाबाहेर गेला की त्याच्याबरोबर जाणारे कौशल्य नव्या ट्रेनीत चार महिन्यांत निर्माण होत नाही.

कामगाराच्या हाती काय?

व्यवस्था बदलेपर्यंत कामगाराने थांबून राहावे असे मात्र नाही. भीती मोघम असते तोवर ती वाढते; तिचे प्रश्न केले की ती आटोक्यात येऊ लागते. कोणती पाळी, किती वेळ उभे राहणे, किती वजन उचलणे, कोणते यंत्र, औषधाची वेळ कोणती, हे पाच प्रश्न कागदावर लिहून डॉक्टरकडे न्यावेत आणि उत्तरे लेखी मागावीत. रजा संपण्यापूर्वी एकदा कारखान्यात जाऊन यावे, सुपरवायझरशी बोलावे. साऱ्या विभागाला आजार सांगण्याची गरज नाही. पण भोवळ आली तर काय करायचे ते शेजारच्या एका विश्वासू सहकाऱ्याला ठाऊक असावे. पहिल्या आठवड्यातील थकव्यावरून पुढच्या वर्षांचा अंदाज बांधू नये. दीर्घ आजाराबरोबर उदासीनता येणे हे वैद्यकशास्त्राला परिचित आहे. झोप आणि भूक हरपली असेल तर तीही उपचाराचीच बाब समजावी. २०२२ साली सुरू झालेल्या 'टेली-मानस' या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठीच आहे.

कुष्ठरोग्याला भिक्षेहून कामाची गरज अधिक आहे, हे बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळच्या आनंदवनात दाखवून दिले. औषधाने रोग थोपतो. माणसाची समाजातील जागा त्याला कामाने परत मिळते. पिंपरी-चाकणच्या पट्ट्यात काम भरपूर आहे आणि औषधेही आहेत. या दोहोंना जोडणारी एक पायरी तेवढी अद्याप बांधलेली नाही. ती बांधली नाही, तर कामगार आजार लपवीत राहतील, आणि ज्या आजारांना आटोक्यात ठेवता आले असते ते त्यांना अकाली घरी बसवतील.