हँडलची ठेवण आणि ‘पुढे’ या शब्दाचा अर्थ

दौंडच्या एखाद्या गॅरेजात मोटारसायकलस्वाराने “हँडल जरा पुढे घ्या” असे सांगितले, तर मेकॅनिकसमोर दोन अर्थ उभे राहतात. हँडल त्याच्या पकडीतल्या पकडीत पुढे फिरवावयाचे, की ज्या आधारांवर ते बसविले आहे ते आधारच पुढे घ्यावयाचे? नेहमीच्या रस्त्यावर या संदिग्धतेने फारसे बिघडत नाही. मोटोक्रॉसमध्ये मात्र बिघडते. हा खेळ पुणे जिल्ह्याला अपरिचित नाही. त्याच्याच बंदिस्त मैदानावरील प्रकाराची, म्हणजे सुपरक्रॉसची, इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगमधील पहिली शर्यत २८ जानेवारी २०२४ रोजी बालेवाडी येथे झाली होती.

मोटोक्रॉसमधील स्वार बराच वेळ पायठेवणीवर उभा असतो. नांगराचे रुमणे धरणाराही उभाच असतो, आणि मूठ बेताच्या उंचीवर नसेल तर त्याची कंबर भरून येते. तात्पर्य, येथे मोजमाप उभ्या शरीराचे घ्यावयाचे. बसलेल्या शरीराचे नव्हे.

प्रथम हँडल, मग लिव्हर, हा क्रम मोडू नये. कारण हँडल फिरले की त्यावरील लिव्हरही फिरतात. बाजूने पाहता हँडलचे उभे भाग पुढच्या चाकाच्या फोर्कला साधारण समांतर असावेत, येथून आरंभ करावा. हँडल फार मागे फिरविले तर कोपरे खाली पडतात आणि उभ्या स्वाराला जागा अपुरी होते. फार पुढे फिरविले तर हात ताणले जाऊन भार पुढच्या चाकावर जातो. स्वार उंच असेल, तर हँडल वाजवीपेक्षा अधिक फिरविण्याऐवजी आधार पुढे घेणे इष्ट; ही सोय अनेक मोटोक्रॉस गाड्यांत असते.

लिव्हरच्या हालचाली तीन. पहिली, हँडलभोवती वरखाली. उभे राहून बोट लिव्हरवर ठेवले असता कोपरापासून बोटापर्यंत एक सरळ रेषा यावी, मनगट मोडू नये. दुसरी, हँडलच्या लांबीवर आत-बाहेर. लिव्हर ही तरफच होय. टेकूपासून बोट जितके दूर, तितके बल कमी लागते. म्हणून पकड आत घ्यावी, म्हणजे तर्जनी लिव्हरच्या टोकाजवळ येते आणि उरलेली बोटे मूठ धरावयास मोकळी राहतात. तिसरी, मुठीपासूनचे अंतर. ते स्क्रूने कमी-अधिक करता येते. क्लचच्या केबलला थोडी ढील अवश्य ठेवावी. नाहीतर क्लच पूर्ण न बसता घसरू लागतो. या गोष्टींकडे दुर्लक्ष झाले की स्वार मूठ गरजेपेक्षा घट्ट आवळतो, दंडाखालचे स्नायू दगडासारखे होतात, आणि नेमक्या उतारावर बोट ब्रेक दाबीनासे होते.

आता भाषेकडे वळू. ‘पुढे घेणे’, ‘खाली करणे’ ही क्रियापदे दिशा सांगतात, हालचालीचा प्रकार सांगत नाहीत. वस्तुतः मराठीत हे भेद तयार आहेत. चाकाची दिशा बदलणे ते ‘वळविणे’. पकडीतल्या पकडीत हलविणे ते ‘फिरविणे’. जागा बदलणे ते ‘सरकविणे’. बोलीत पहिली दोन क्रियापदे एकमेकांच्या जागी येतात; सूचनेत तरी ती वेगळी राखावीत. ‘हँडल फिरवा’, ‘आधार पुढे सरकवा’, ‘लिव्हर आत सरकवा’, ‘लिव्हर मुठीजवळ आणा’ या चार वाक्यांत गोंधळाला जागा उरत नाही. नव्या पारिभाषिक शब्दाची येथे गरजच पडत नाही. क्रियापद अचूक निवडले की पुरे.

शेवटी हँडलच्या पकडीचे बोल्ट गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाने आवळावेत. लिव्हरची पकड मात्र इतकीच घट्ट असावी, की हाताने ती आपोआप हलू नये, पण गाडी पडल्यास लिव्हर मोडण्याऐवजी फिरावी. मग हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावे: केबल ताणली जात नाही ना, लिव्हर टाकीला लागत नाही ना, सोडताच थ्रॉटल परत येतो ना. एका वेळी एकच बदल करावा आणि जुन्या जागेवर खूण ठेवावी. त्याशिवाय सुख कशाने झाले आणि त्रास कशाने, हे स्वाराला सांगता येणार नाही. आणि जे सांगता येत नाही, ते मेकॅनिकला दुरुस्तही करता येत नाही.