एक रुपयाची भाकर, दीड हजारांचा हप्ता आणि आपला धंदा

गिऱ्हाइकाच्या हातात पैसा कुठून आला, हे कापड दुकानदाराला लवकर कळते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये ‘माझी लाडकी बहीण’ योजनेचे दोन महिन्यांचे ३००० रुपये एकदम जमा झाले, तेव्हा परभणीत आमच्या दुकानावर मोहल्ल्यातील भगिनी रोख घेऊन आल्या. काहींची जुनी उधारीही फिटली. वय २१ ते ६५, कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांपर्यंत; धर्माची अट नाही. जे चांगले झाले ते चांगलेच म्हटले पाहिजे.

असे वाटप या पक्षांना नवीन नाही. १९९५ मध्ये शिवसेना-भाजप युती सत्तेवर आली, ती एक रुपयात झुणका-भाकर, पाच जीवनावश्यक वस्तूंचे स्थिर भाव आणि मुंबईत ४० लाख झोपडपट्टीवासीयांना मोफत घरे, अशी आश्वासने देऊन. झुणका-भाकर केंद्रे अनुदानावर चालत. अनुदान थांबले, केंद्रेही बंद पडली. पोलंडमध्येही कडव्या राष्ट्रवादी पक्षाने २०१६ पासून दुसऱ्या मुलापासून पुढे दरमहा ५०० झ्लॉटी दिले.

पण वहीत जमेबरोबर नावेही लिहावे लागते. ज्या युतीने भाकर दिली, तिनेच १९९५ मध्ये गोवंश हत्याबंदीचे विधेयक आणले. त्याला राष्ट्रपतींची संमती २०१५ मध्ये मिळाली. गायीची कत्तल १९७६ च्या कायद्याने बंद होतीच. आता बैल व वळूही त्यात आले. शिक्षा पाच वर्षांपर्यंत. नुकसान केवळ कुरेशी बांधवांचे नाही. शेतकरी थकलेला बैल विकून, वर थोडे पैसे घालून नवी जोडी घेत असे. जुन्या बैलाचे गिऱ्हाईक गेले की त्याच्या हातचा पैसा आटतो आणि त्याची झळ कापड, चामडे, चप्पल अशा सर्वच दुकानांना लागते.

हप्त्याने घर चालते, कारखाना उभा राहत नाही. शिवणयंत्राला, मागाला, दुकानाच्या मालाला भांडवल लागते आणि ते बँकेच्या कर्जातूनच येते.

तेव्हा व्यापारी बांधवांनी दोन गोष्टी कराव्यात. घरातील पात्र भगिनींचे आधार व बँक खाते जोडलेले ठेवावे. तो त्यांचा हक्क आहे. मात्र हप्त्याच्या भरवशावर उधारीचा माल भरू नये. आणि मत मागायला येणाऱ्याला, तो कोणत्याही पक्षाचा असो, हप्ता किती वाढवणार एवढेच न विचारता आमच्या कारागिराला कर्ज कधी मिळणार, हेही विचारावे.